नऊ नंबरची जर्सी आणि दहा मिनिटं



मॅगझिनसाठी लेख मागितला की आपल्या हॉस्टेलमध्ये तीन गोष्टी हमखास तयार होतात. एक, मेसच्या पातळ डाळीवर विडंबन. दोन, पहिल्या पावसावर कविता. तीन, 'यशाची गुरुकिल्ली'. या तिन्हींचा माझा स्टॉक मागच्या तीन वर्षांत संपला. तेव्हा या वेळी जरा माहितीपर लिहितो. विषय आहे टोनी पार्कर, फ्रान्सचा बास्केटबॉलपटू. मध्येच कुठे गुरुकिल्लीचा वास आला तर सांभाळून घ्या, कारण हा लेख खरं म्हणजे माझा कबुलीजबाब आहे.

झालं असं. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर आपलं सिमेंटचं कोर्ट खेळायच्या लायकीचं राहत नाही. शेवाळ धरतं, नुसतं उभं राहिलं तरी पाय सटकतो. गणपतीला घरी गेलेली पोरं परत आली की ब्लिचिंग पावडर टाकून, खराट्याने घासून कोर्ट मोकळं करायचं आणि ऑक्टोबरमध्ये टीम निवडायची, ही आपली पद्धत. यंदा कॅप्टन मी. चाळीसेक मुलं आली. जागा बारा, त्यातल्या आठ आम्ही जुन्यांनी धरून ठेवलेल्या. उरल्या चार. अंधार पडायच्या आत सगळं उरकायचं होतं.

त्यात एफ.ई.चा एक मुलगा होता. उंची जेमतेम पाच फूट चार इंच. शूज नव्हते. चपला कोर्टाबाहेर नीट काढून ठेवल्या आणि अनवाणी उतरला. पहिलाच पास हातातून निसटला. नंतर त्याने शॉट मारायचा प्रयत्न केला, तो आमच्या सहा फुटी सेंटरने असा काही परतवला की बॉल थेट सायकल स्टँडमध्ये! सगळे हसले. मीही हसलो. वहीत त्याच्या नावापुढे फुली मारली आणि म्हणालो, "नेक्स्ट." दहा मिनिटं झाली असतील नसतील.

रविवारी संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे मांडवीला गेलो. (एफ.ई.वाल्यांसाठी खुलासा: मांडवी एक्सप्रेस ही गोव्याच्या मांडवी नदीच्या नावाची गाडी. आपली मांडवी म्हणजे काळ्या वाळूचा किनारा, जेट्टी आणि उजव्या हाताला समुद्रात घुसलेला रत्नदुर्ग.) जेट्टीवर भेळ खात बसलो होतो. रूम पार्टनरने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझ्या जर्सीवरचा नऊ नंबर कोणाचा रे?"

"पार्करचा. माहीत नाही का तुला?"

"आणि त्या पार्करला पहिल्यांदा किती मिनिटांत घालवून दिलं होतं?"

मी गप्प. कारण ही गोष्ट फर्स्ट इयरपासून मीच त्याला शंभर वेळा ऐकवली होती. तो पुढे काही बोलला नाही. कागद चुरगाळून खिशात घातला आणि समुद्राकडे बघत बसला. मला मात्र ती भेळ फारच तिखट लागली.

तर ती गोष्ट आता तुम्हालाही सांगतो.

हॉस्टेलचाच मुलगा

टोनी पार्करचा जन्म १७ मे १९८२ चा, बेल्जियममधल्या ब्रूज शहरातला. वडील शिकागोचे अमेरिकन. तेही बास्केटबॉल खेळायचे आणि त्याच पोटापाण्यासाठी युरोपात आले होते. आई नेदरलँड्सची. मुलगा वाढला फ्रान्समध्ये. लहानपणी त्याला वेड फुटबॉलचं. वडिलांच्या गावी शिकागोला जाणं-येणं झालं, तिथे मायकेल जॉर्डनचा बोलबाला होता, आणि स्वारी बास्केटबॉलकडे वळली. उंची पुढे सहा फूट दोन इंचांवर थांबली. आपल्याकडे सहा-दोन म्हणजे ताडमाड. पण जिथे सात फुटी माणसं सर्रास दिसतात तिथे तो बुटकाच.

पॅरिसजवळच्या जंगलाच्या कडेला फ्रान्स सरकारची 'इन्सेप' नावाची क्रीडा संस्था आहे. देशभरातली चांगली मुलं निवडून तिथे आणतात. शाळाही तिथेच, सरावही तिथेच आणि राहायचंही तिथेच. थोडक्यात, हॉस्टेलच की! पार्करच्या वेळी तिथे बोरिस डिओ आणि रॉनी ट्युरियाफ हे दोघंही होते. तिघंही पुढे एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये खेळले. एका हॉस्टेलमधली तीन मुलं, म्हणजे मेसचं जेवण तरी बरं असावं!

१९९९ मध्ये सतरा वर्षांचा पार्कर 'पॅरिस बास्केट रेसिंग' या क्लबकडून व्यावसायिक सामने खेळू लागला. २००० मध्ये फ्रान्सच्या अठरा वर्षांखालील संघाने युरोपचं विजेतेपद मिळवलं, त्यात तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्या त्याला बोलावत होत्या, पण तो फ्रान्समध्येच राहिला आणि मोठ्या माणसांविरुद्ध खेळत राहिला.

दहा मिनिटं

एनबीएत शिरायचा रस्ता म्हणजे ड्राफ्ट. आपल्या कॅप राउंडचीच उलटी आवृत्ती समजा. आपण कॉलेजांची यादी भरतो. तिथे संघ खेळाडूंची यादी करतात आणि पाळीपाळीने एकेक उचलतात. मागच्या हंगामात जो संघ हरला, त्याची पाळी साधारण आधी. (अगदी वरच्या नंबरांसाठी सोडत निघते.) जिंकणाऱ्या संघाच्या वाट्याला शेवटचे नंबर, म्हणजे उरलेला माल. त्यामुळे उरल्यासुरल्यात हिरा ओळखणं हाच अशा संघांचा धंदा.

सॅन अँटोनियो स्पर्स हा असाच जिंकणारा संघ होता. कोच होते ग्रेग पॉपोविच, अतिशय कडक माणूस. ड्राफ्टच्या आधी संघ मुलांना बोलावून चाचणी घेतात. आपल्या कॅम्पसच्या टेक्निकल राउंडसारखं. पार्करसमोर उभा केला लान्स ब्लँक्स. हा पूर्वी एनबीएत खेळलेला आणि तेव्हा स्पर्ससाठी खेळाडू हेरण्याचं काम करणारा. त्याने एकोणीस वर्षांच्या पोराला अक्षरशः ढकलून, दाबून काढलं. पार्कर त्या धक्काबुक्कीत पार गोंधळला. दहाएक मिनिटांतच पॉपोविचनी निकाल दिला की हा मुलगा कच्चा आहे, याच्यात दम नाही. चाचणी संपली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही याचं श्रेय त्या घडीला पार्करचं नव्हतं, हे लक्षात घ्या. संघाच्या ऑफिसात आर. सी. बफर्ड होते. आणि आदल्याच वर्षी इंटर्न म्हणून लागलेला सॅम प्रेस्टी नावाचा तरुण होता. या मंडळींनी पार्करचे युरोपातले सामने पाहिले होते. त्यांनी व्हिडिओचे तुकडे जोडून कोचला दाखवले, की साहेब, हे बघा आणि एकदा परत बोलवा. पॉपोविचनी परत बोलावलं. दुसऱ्या चाचणीत पार्कर वेगळाच माणूस होता. आता तर कोचना भीती वाटू लागली की आपली पाळी येईपर्यंत हा कोणी उचलणार तर नाही ना!

कोणी उचलला नाही. २००१ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत २८ नावं होती आणि २८ वं नाव टोनी पार्कर. म्हणजे त्या फेरीतला अगदी शेवटचा. हंगाम सुरू झाला आणि पाचव्याच सामन्यापासून पॉपोविचनी त्याला पहिल्या पाचात घेतलं. ज्याला दहा मिनिटांत नापास केलं, त्याच्याच हातात कोचनी संघाचं स्टिअरिंग दिलं.

(जाता जाता: तो इंटर्न पुढे ओक्लाहोमा सिटी थंडर संघाचा सर्वेसर्वा झाला आणि २०२५ मध्ये त्या संघाने एनबीए जिंकलं. इंटर्नशिपला फक्त सर्टिफिकेटसाठी जाणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

जिंकूनही नको असलेला

आता तुम्ही म्हणाल, झालं, पुढे आनंदी आनंद. नाही. पुढची दोन वर्षं जास्त अवघड होती.

पार्कर पॉइंट गार्ड. पॉइंट गार्ड म्हणजे बॉल घेऊन येणारा, कोणाला कधी पास द्यायचा हे ठरवणारा, टीमचा ड्रायव्हर. २००३ मध्ये स्पर्स एनबीए जिंकले, पार्करच्या गळ्यात एकविसाव्या वर्षी विजेतेपद पडलं. पण अंतिम फेरीच्या शेवटच्या सामन्यात निर्णायक वेळी तो बाकावर होता आणि त्याच्या जागी स्पीडी क्लॅक्स्टन खेळत होता. त्याच उन्हाळ्यात स्पर्सनी जेसन किडला आपल्याकडे ओढायचा जोरदार प्रयत्न केला. किड कोण? तर त्या काळातला नावाजलेला पॉइंट गार्ड, आणि नुकत्याच हरवलेल्या न्यू जर्सी नेट्सचा हुकमी एक्का. म्हणजे वर्ल्ड कप जिंकून घरी यावं आणि कळावं, की आपल्या जागेची जाहिरात पेपरात आली आहे!

किड आला नाही. पार्करपुढे दोन रस्ते होते. रुसून दुसरा संघ बघायचा, किंवा ज्या कारणाने जागेची जाहिरात निघाली ते कारणच काढून टाकायचं. त्याचा वेग कोणालाच झेपत नव्हता, पण लांबून शॉट बसत नव्हता. मग प्रतिस्पर्धी दोन पावलं मागे राहायचे, 'मार बाबा, मार' म्हणायचे, आणि आत घुसायची वाट बंद व्हायची.

२००५ मध्ये संघाने चिप एंगेलँड नावाचा शूटिंगचा खास कोच आणला. त्याच्या हाताखाली पार्करने बॉल धरण्यापासून सोडण्यापर्यंत सगळं पुन्हा शिकायला घेतलं. तोवर दोन विजेतेपदं खिशात होती आणि सहा वर्षांचा साडेसहा कोटी डॉलरहून मोठा करार झालेला होता. अशा माणसाने बालवाडीपासून सुरुवात करायची, हे सोपं नाही. तीन पॉइंटांचे लांबचे शॉट त्याने जवळपास बंद केले आणि मधल्या अंतरावर घाम गाळला. परिणाम आकड्यांत बघा. २००४-०५ मध्ये त्याचे शंभरातले ४८ शॉट बसत होते, पुढच्याच हंगामात जवळजवळ ५५. पॉइंट गार्डसाठी हा आकडा भन्नाट आहे, कारण इतके शॉट सहसा रिंगखाली उभ्या राहणाऱ्या उंच माणसांचेच बसतात.

थोडं अप्लाइड मेकॅनिक्स

त्या ५५ मध्ये पार्करच्या एका खास शॉटचा मोठा वाटा. त्याला म्हणतात 'टियरड्रॉप', म्हणजे अश्रूचा थेंब. नाव कवितेतलं असलं तरी मामला प्रोजेक्टाइल मोशनचा आहे. रूम पार्टनरला मी हे मांडवीच्या काळ्या वाळूत काठीने आकृती काढून समजावलं होतं, तेच इथे लिहितो. मेकॅनिक्सच्या सरांनी चुका काढाव्यात.

आधी परिस्थिती. बास्केटबॉलमध्ये 'पिक अँड रोल' नावाची चाल आहे. आपला एक धिप्पाड गडी प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. ड्रायव्हर त्या भिंतीला घासून पुढे निसटतो. आता त्याच्यासमोर उरतो तो रिंगखाली थांबलेला सात फुटी राक्षस. त्याने हात वर करून उडी मारली की साडेतीन मीटरच्या आसपासचं आभाळ त्याचं. रिंग आहे ३.०५ मीटरवर. म्हणजे रिंगपर्यंत जाऊन बॉल टाकायचा तर तो सायकल स्टँडमध्येच जाणार!

पार्कर राक्षसापर्यंत जायचाच नाही. तीनेक मीटर आधीच, पळता पळता एका पायावर हलकेच उचलायचा आणि बॉल सरळ न मारता आभाळाकडे सोडायचा.

आता गणित. हात सुटताना बॉल जमिनीपासून २.३ मीटरवर आहे आणि रिंग ३ मीटर पुढे आहे असं धरा. ४५ अंशांत सोडला तर रिंगपर्यंत पोचायला साधारण ६.२६ मीटर प्रति सेकंद वेग लागतो. ६० अंशांत सोडला तर ६.३. म्हणजे ताकद जवळजवळ तेवढीच! पण फरक बघा:

४५ अंशांत बॉल जास्तीत जास्त ३.३ मीटर उंच जातो. राक्षसाच्या तावडीत. ६० अंशांत ३.८ मीटर. राक्षसाच्या बोटांच्या वर.

दुसरा फरक आणखी मजेशीर आहे. रिंगचा व्यास ४५.७ सेंटिमीटर, बॉलचा साधारण २४. बॉल तिरका आला की त्याला रिंग गोल दिसत नाही, चपटी दिसते. त्याची रुंदी म्हणजे ४५.७ गुणिले उतरत्या कोनाचा साइन. ४५ अंशांत सोडलेला बॉल रिंगवर सुमारे २७ अंशांत उतरतो, तेव्हा मोकळी वाट उरते २० सेंटिमीटरची. बॉल २४ चा! म्हणजे कडेला आपटल्याशिवाय आत जाणं शक्यच नाही. ६० अंशांत सोडलेला बॉल ५१ अंशांत उतरतो आणि वाट मिळते साडेपस्तीस सेंटिमीटरची.

म्हणजे ताकद तीच, उंची तीच, फक्त कोन बदलला. (हवेचा अडथळा आणि बॉलची गिरकी सोडून दिली आहे, परीक्षेत आपण 'नेग्लेक्ट' करतो तशी.) अर्थात कागदावर हे दोन मिनिटांत सुटतं. पळताना, समोर राक्षस असताना, बॉल अलगद सोडायला पार्करला वर्षं लागली.

त्याचे दिवस

२००७ च्या अंतिम फेरीत समोर होता लेब्रॉन जेम्सचा क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स. स्पर्सनी चार सामन्यांत चार शून्य असा निकाल लावला. पार्करने सामन्यामागे २४.५ पॉइंट केले आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मान मिळवणारा तो पहिला युरोपियन. चार वर्षांपूर्वी ज्याच्या जागी दुसरा माणूस शोधत होते, तो हाच.

त्याच्या जोडीला टिम डंकन होता आणि अर्जेंटिनाचा मनू जिनोबिली होता. या जिनोबिलीचा ड्राफ्टमधला नंबर ५७. म्हणजे २८ आणि ५७, दोघंही 'उरलेला माल'! २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी चार विजेतेपदं या तिघांनी मिळून जिंकली. २०१४ च्या संघात इन्सेपचा जुना सोबती बोरिस डिओही होता.

पण मला विचाराल तर त्याचं सर्वात मोठं वर्ष २०१३. जूनमध्ये स्पर्स मायामी हीटकडून अंतिम फेरी हरले, तेही सातव्या सामन्यात. सहाव्या सामन्यात विजेतेपद हातात आलं होतं, रे अॅलनच्या शेवटच्या क्षणीच्या शॉटने ते निसटलं. असा घाव बसल्यावर माणूस सुट्टी घेतो. पार्कर सप्टेंबरमध्ये फ्रान्सकडून युरोबास्केट खेळायला स्लोव्हेनियाला गेला. २००५ मध्ये त्याच्या संघाला कांस्य मिळालं होतं, २०११ मध्ये रौप्य. सुवर्ण फ्रान्सला कधीच मिळालं नव्हतं. उपांत्य फेरीत स्पेन. जादा वेळेत गेलेला सामना फ्रान्सने ७५-७२ जिंकला, त्यातले ३२ पॉइंट एकट्या पार्करचे. अंतिम फेरीत लिथुएनियाला ८०-६६ हरवलं. फ्रान्सचं पहिलं सुवर्ण, आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू पार्कर.

बाकावर बसणं

मे २०१७ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध खेळताना त्याच्या मांडीचा स्नायू गुडघ्याशी जोडणारा कंडरा फाटला. वय पस्तीसच्या उंबरठ्यावर. वेगावर जगणाऱ्या माणसाचा पायच गेला म्हणा ना. तरी नोव्हेंबरअखेर तो परत मैदानात उतरला. पण दोन महिन्यांनी, जानेवारी २०१८ मध्ये, पॉपोविचनी त्याला सांगितलं की आता सुरुवात डिजॉन्टे मरे करेल. मरे एकवीस वर्षांचा, ड्राफ्टमधला नंबर २९. म्हणजे पार्करच्या पुढचाच!

सोळा वर्षं ज्याची जागा पक्की होती, त्याने हे मान्य केलं आणि नव्या मुलाला मदत करत राहिला. मला हा भाग पूर्वी कंटाळवाणा वाटायचा, व्हिडिओ मी पुढे ढकलायचो. आता वाटत नाही. ज्याला एकदा कोणीतरी दुसरी संधी मिळवून दिली होती, त्याने वेळ आल्यावर जागा दिली.

स्पर्सकडून सतरा हंगाम खेळून तो शेवटचं एक वर्ष शार्लट हॉर्नेट्सकडे गेला आणि जून २०१९ मध्ये निवृत्त झाला. हिशेब असा: १२५४ सामने, १९४७३ पॉइंट, आणि स्पर्ससाठी ६८२९ असिस्ट, म्हणजे ज्या पासवर दुसऱ्याने बास्केट केली असे पास. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पर्सनी नऊ नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. २०२३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि योगायोग बघा, त्याच समारंभात पॉपोविचही गेले. दहा मिनिटांत नापास करणारा परीक्षक आणि नापास झालेला विद्यार्थी, एकाच मांडवात!

आपल्याकडे का नाही?

हा प्रश्न पडणारच. आपल्याकडे बास्केटबॉल नाही असं नाही. मुंबईच्या नागपाड्यातल्या अब्बास मुंतसिर यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. पार्कर निवृत्त झाला त्याच वर्षी, ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला, वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. २०१३ मध्ये हे किंग्ज विकत घेणारे विवेक रणदिवे मुंबईत वाढलेले, एमआयटीत शिकलेले इंजिनिअर. म्हणजे आपल्यातला माणूस संघाचा मालक झाला, पण त्या कोर्टावर उतरणारा आपल्यातला अजून नाही. पंजाबच्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये डलासने ५२ वा निवडला, पण एनबीएच्या नियमित हंगामातला सामना त्याला मिळाला नाही.

फ्रान्सचाही पहिला खेळाडू, तारिक अब्दुल-वहाद, एनबीएत पोचला तो १९९७ मध्ये. योगायोगाने याच किंग्जकडून. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिला आणि दुसरा, दोन्ही नंबर फ्रेंच मुलांचे! आदल्या वर्षीचा पहिला, व्हिक्टर वेम्बानयामा, तोही फ्रेंच, तोही स्पर्सकडे. हा मुलगा २०२१-२२ मध्ये 'अॅस्व्हेल' क्लबकडून खेळला होता, आणि या क्लबची मालकी २०१४ पासून पार्करकडे आलेली होती. मधल्या काळात फ्रान्समध्ये उंची वाढवायची गोळी निघाली नाही. इन्सेपसारखी हॉस्टेलं होती, क्लबांची स्वतःची प्रशिक्षण केंद्रं होती, म्हणजे मुलाला वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बघणारी माणसं होती. एका संध्याकाळी चाळीस पोरं उभी करून अंधाराच्या आत फुल्या मारणारा माझ्यासारखा कॅप्टन तिथेही असेलच. पण तिथे निकाल त्या एकट्यावर थांबत नाही.

पुन्हा कोर्टावर

मंगळवारी मी त्या मुलाच्या रूमवर गेलो. तो सबमिशनची शीट पूर्ण करत होता. मला बघून उठून उभा राहिला. म्हटलं, "उद्यापासून तीन दिवस साडेपाचला ये."

तो म्हणाला, "दादा, पण माझं नाव कटलंय ना?"

"मी कापलंय. मीच बोलावतोय."

"शूज नाहीत दादा माझ्याकडे."

रूम पार्टनरचे शूज दिले. दोन नंबर मोठे. दोन-दोन मोजे घालून बसवले.

आता सिनेमातल्यासारखं काही झालं असेल अशी अपेक्षा असेल तर सॉरी. शॉट त्याला खरंच येत नव्हता, पास अजूनही निसटत होते. पण दुसऱ्या दिवशी दिसलं की डिफेन्सला तो चिवट आहे. समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता कमरेकडे बघतो, हुलकावणीला फसत नाही. विचारलं तर म्हणाला, "गावाला कबड्डी खेळायचो." दहा मिनिटांत मी त्याला बॉल हातात देऊन बघितलं होतं, बॉल दुसऱ्याच्या हातात असताना बघितलंच नव्हतं!

तिसऱ्या दिवशी तो बारावा म्हणून टीममध्ये आला. त्यासाठी आम्ही धरून ठेवलेल्या आठ जागांपैकी एक सोडावी लागली. ज्याची गेली तो माझा मित्र, सरावाला वर्षभर न फिरकलेला. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. हेही लिहायला हवं, नाहीतर कबुलीजबाब अर्धा राहील. झोनलला आपण दुसऱ्या सामन्यात हरलो. त्यात हा चार मिनिटं खेळला, दोनदा बॉल हिसकावला आणि एक सोपी बास्केट घालवली. बाकावर परत आल्यावर मी काही बोललो नाही, पाण्याची बाटली दिली.

सध्या तो मांडवीला आमच्याबरोबर येतो आणि भरतीच्या रेषेजवळच्या ओल्या वाळूत पळतो. टियरड्रॉपची आकृती त्यालाही काढून दाखवली. त्याने फक्त एक प्रश्न विचारला, "दादा, साठच्या ऐवजी सत्तर अंश घेतले तर?" मी काय उत्तर देणार? म्हटलं, गणित करून आण.

मी जूनमध्ये पास आउट होईन (सरांच्या कृपेने). पुढच्या कॅप्टनसाठी स्पोर्ट्स रूमच्या रजिस्टरमध्ये पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: निवड एका दिवसात करू नये, तीन दिवस घ्यावी. प्रत्येकाला बॉलसकट आणि बॉलशिवाय, दोन्हीकडून बघावं. फुली मारताना निदान दोघांची सही असावी. खाली मी सही केली आहे, रूम पार्टनरने पण केली आहे.

नऊ नंबरची जर्सीही तिथेच ठेवून जाणार आहे. कोणाला द्यायची ते पुढच्यांनी ठरवावं. तीन दिवस बघून!